अर्धी शाळा, अर्धे बालपण

खान्देशातील गिरणी कामगारांची जी मुले शिकून शिक्षक, कारकून, वकील वा अभियंते झाली, त्यांच्या सत्कारसमारंभांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘गरिबीनेच यांना घडविले.’ हे सांगणारा वक्ता बहुधा असा असतो, की ज्याच्या स्वतःच्या मुलाला गरिबीच्या या विद्यापीठात नाव घालण्याची पाळी कधी आलेली नाही. टाळ्या पडतात, हार घातले जातात आणि एक धडधडीत असत्य पुन्हा एकवार प्रतिष्ठित होते. हे असत्य निरुपद्रवी असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्याच्याच आधारे आज कायद्यांचे समर्थन केले जात आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

खान्देशचा कापूस आणि इंग्लंडमधील लँकेशायरची गिरणी यांचे नाते जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरला जाणारा कापूस अडला. तेथील हजारो कामगार कुटुंबांच्या चुली विझल्या आणि इकडे हिंदी कापसाचे भाव आकाशाला भिडले. तिकडच्या मजुराची उपासमार ती इकडच्या व्यापाऱ्याची सुगी, हा बाजाराचा न्याय. पुढे १८७० च्या दशकात जळगावला खान्देश मिल सुरू झाली. नंतर अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची गिरणी असा सुताचा पट्टाच उभा राहिला. भोंग्यावर उठणारे घर, एकाच खोलीत पाळीपाळीने निजणारी माणसे, बदली कामगाराची अनिश्चित हजेरी आणि पगाराच्या दिवशी दारात उभा राहणारा सावकार, हे चित्र ओल्डहॅमच्या गल्लीत काय किंवा अमळनेरच्या चाळीत काय, फारसे निराळे नव्हते.

त्या इंग्लंडात ‘हाफ-टाईमर’ नावाचा एक प्राणी कायद्याने निर्माण केला होता. १८४४ च्या कारखाना कायद्याने आठ वर्षांच्या मुलाला दिवसाचा अर्धा भाग गिरणीत आणि अर्धा शाळेत घालविण्याची ‘सवलत’ दिली. पहाटे मागाशेजारी उभे राहून आलेले मूल दुपारी बाकावर डोके टेकून झोपत असे. शाळेचा हजेरीपट भरे, डोके मात्र रिकामे राही. ही पद्धत संपविण्यास १९१८ चा शिक्षण कायदा यावा लागला आणि ती प्रत्यक्षात १९२१ साली बंद झाली. विशेष हे, की विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी कामगारांच्या संघटनांनी मते घेतली, तेव्हा बहुसंख्य कामगारांनीच अर्धवेळ कामाचे वय वाढविण्यास विरोध केला. यावरून काही पंडित असा निष्कर्ष काढतात, की मुलाचे हित बापालाच कळते. खरा निष्कर्ष उलट आहे. ज्या घराचा हिशेब मुलाच्या चार पैशांवाचून जुळत नाही, त्या घराच्या संमतीला संमती म्हणता येत नाही. ती केवळ कमी मजुरीची पावती असते.

हिंदुस्थानातही कायद्याची वाटचाल अशीच रखडत झाली. १८८१ च्या कारखाना कायद्याने किमान वय ठरविले सात वर्षांचे! १८९१ साली ते नऊ झाले, १९२२ साली बारा, आणि १९४८ च्या कायद्याने चौदा. सातावरून चौदावर येण्यास सदुसष्ट वर्षे लागली. बालपणाचे एकेक वर्ष गिरणीच्या दारातून सोडवून आणण्यासाठी सरासरी साडेनऊ वर्षे झगडावे लागले, असा या हिशेबाचा अर्थ आहे.

अमळनेरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. प्रतापशेठ हे दानशूर उद्योगपती होते, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या आश्रयाने १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि त्यांच्या नावाची शाळा व महाविद्यालय आजही नांदते आहे. परंतु १९१६ साली देशात जो कारखाना कायदा लागू होता, तो नऊ वर्षांच्या मुलाला कापडगिरणीत दिवसाकाठी सहा तास राबविण्याची मुभा देत होता. दानशूर माणूस शाळा बांधू शकतो; पण त्या शाळेत गिरणीच्या पोराने बसावे यासाठी बापाचा पगार पुरावा लागतो आणि आईचे कामाचे तास आवरावे लागतात. ते काम दानाने होत नाही, कायद्याने आणि संघटनेने होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. मुलांवर संस्कार करणारा यांच्यापेक्षा मोठा शिक्षक महाराष्ट्राने पाहिला नाही. तरीही ते संस्कारांवर थांबले नाहीत. खान्देशातील शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या लढ्यांत ते उतरले. आईची माया कितीही अथांग असली तरी ती रिकाम्या डब्यात भाकरी घालू शकत नाही, हे त्यांना पुरते कळले होते.

गिरणीच्या पोरांना घडविले ते आठवड्याच्या ४८ तासांच्या मर्यादेने, महागाई भत्त्याने, १९४८ च्या कामगार विमा कायद्याने, १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीने आणि १९६५ च्या बोनस कायद्याने. महिन्याचा पगार ठरलेला, म्हणून शाळेची फी ठरल्या वेळी जाई. गरिबीने घडविले नाही. गरिबीला जेथे जेथे आवर बसला तेथे तेथे माणूस घडला. ज्यांना आवर बसला नाही त्यांचे सत्कार होत नाहीत, एवढाच फरक.

आणि आज? २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास तिने सरसकट बंदी घातली, हे तिचे श्रेय. परंतु त्याच कायद्यात एक खिडकी उघडी ठेवली गेली : शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मुलाने कुटुंबाला किंवा कौटुंबिक व्यवसायाला मदत केली तर चालेल, धोक्याची म्हणून ठरविलेली कामे तेवढी वगळावीत. १८४४ चा ‘हाफ-टाईमर’ तो हाच. फक्त गिरणीच्या जागी ‘घर’ हा शब्द आला आहे आणि ‘घर’ म्हटले की निरीक्षकाला दार बंद होते.

खान्देशात या खिडकीतून काय आत येते, ते कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत पाहावे. वेचणीची मजुरी दिवसावर नसते, किलोवर असते. आईच्या ओटीत मुलाने वेचलेला कापूस पडला की तो आईच्याच नावाने तोलला जातो. कागदावर मजूर एक, शेतात हात चार. मूल मजूर ठरत नाही. ते ‘आईला हातभार’ लावते. येथे अर्थशास्त्राचा साधा नियम लक्षात घ्यावा. वजनावरची मजुरी जेव्हा सगळे कुटुंब मिळून कमावू लागते, तेव्हा भाव अशा पातळीवर उतरतो की एका माणसाला जे मिळावयास हवे, ते मिळविण्यास सगळ्या कुटुंबाला राबावे लागते. मुलाच्या हाताने घराची मिळकत वाढत नाही. मजुरीचा दर तेवढा घटतो. लाभ जातो तो शेवटी कापूस घेणाऱ्याला.

यावर उत्तर दिले जाते, की अशाने मुलाला परंपरागत कौशल्य मिळते. बोंडातून कापूस काढण्याचे कौशल्य दोन दिवसांत येते. त्यासाठी शाळेची चार वर्षे जाळण्याचे प्रयोजन नाही. आणि हे कौशल्य एवढे मोलाचे असेल, तर डॉक्टरांची आणि सनदी अधिकाऱ्यांची मुले सुट्टीत वेचणीला का दिसत नाहीत?

जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर आज झगमगते व्यापारी संकुल उभे आहे. अमळनेर, धुळे आणि चाळीसगाव येथील त्या जुन्या गिरण्यांचा भोंगाही विरला आहे. त्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्याने आरंभ झालेली विप्रो जगभर गेली आणि तिचे समभाग जपून ठेवणारी गावातील कुटुंबे कोट्यधीश झाली, ही कथा कौतुकाने सांगितली जाते. ती खरी आहे. पण ज्यांच्याजवळ समभाग नव्हते, केवळ हात होते, त्यांच्या नातवंडांची कथा कोण सांगणार? २०२० साली संमत होऊन नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेने कारखान्याची व्याख्याच आखडली आहे. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागी पूर्वी दहा कामगार असले की १९४८ चा केंद्रीय कायदा तिला कारखाना म्हणे. आता वीस लागतात. पंधरा मजुरांची जिनिंग या व्याख्येबाहेर राहते. बापाचे संरक्षण असे पातळ होते, तेव्हा पहिला बळी जाते ते मुलाचे दप्तर.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. ‘कौटुंबिक मदती’ची पळवाट कायद्यातून काढून टाकावी. वेचणीला किलोच्या दराबरोबर दिवसाच्या किमान वेतनाची हमी असावी. हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी गावातच निवासी शाळा चालवाव्यात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा आणि त्याच मुलांना कामाची मुभा देणारा २०१६ चा कायदा एकत्र नांदू शकत नाहीत. लँकेशायरने हे ओळखण्यास पाऊणशे वर्षे घालविली. खान्देशच्या पोरांपाशी तेवढा वेळ नाही. त्यांचे बालपण चौदाव्या वर्षी संपते.