परसांतील कुरतडलेलीं पानें

कढीलिंबाच्या पानावर अळी दिसली, कीं घरांत ‘कीड लागली’ अशी एकच ओरड होते आणि औषधाचा पंप बाहेर निघतो. तो उचलण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.

ही अळी लहानपणीं पांखराच्या विष्ठेसारखी दिसते. शत्रूची नजर चुकविण्याची ती निसर्गाची योजना होय. मोठी होतां ती हिरवी होते, पुढें कोशांत जाते, आणि त्यांतून काळ्या-पिवळ्या नक्षीचें लिंबू-फुलपांखरूं बाहेर पडतें. २०१५ सालीं महाराष्ट्राचें राज्य-फुलपांखरूं ठरलेलें नीलवंत, म्हणजेच ‘ब्ल्यू मॉरमॉन’, हेंही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतें. फुलपांखराचें कौतुक करावयाचें आणि अळीस मात्र मारावयाचें, हा न्याय कोणता?

चिमण्यांचेंही तेंच. २०१० पासून दर २० मार्चला ‘जागतिक चिमणी दिन’ पाळला जातो; अनेक घरीं लांकडी घरटीं टांगतात, दाणे ठेवतात. हें स्तुत्यच आहे. परंतु चिमणी दाणे टिपीत असली, तरी तिचीं कोवळीं पिलें मुख्यतः अळ्या व किडे यांवर पोसतात. घरटें द्यावें आणि औषध फवारून पिलांचा घांस काढून घ्यावा, हें अतिथीस पाट मांडून ताट न वाढण्यासारखें आहे. शिवाय तींच पानें आपल्या फोडणींत पडतात, हें गृहिणींस सांगावयास नको.

झाड जाईल, ही भीति व्यर्थ आहे. मोठें झाड चार अळ्यांनीं मरत नाहीं. रोप कोवळें असेल, तर अळ्या पानासकट उचलून थोरल्या झाडावर ठेवाव्या. वाळला पाला जाळूं नये. दारापासून दूर एका कोपऱ्यांत कुजूं द्यावा, म्हणजे दयाळ व सातभाई तेथें किडे शोधीत येतील. पसरट मातीच्या भांड्यांत दोन बोटें पाणी ठेवून तें रोज बदलावें, म्हणजे डांस होत नाहींत. ज्यांस परसूं नाहीं, त्यांनीं गॅलरींतील कुंडींत कढीलिंब लावावा.

देखरेखीचें काम घरांतील मुलांवर सोंपवावें. अळी कोणत्या दिवशीं दिसली, कोश केव्हां झाला, फुलपांखरूं केव्हां उडालें, याची नोंद त्यांनीं वहींत ठेवावी आणि आजोबांनीं ती तपासावी. पाऊस सुरू होतांच आरंभ करावा. पंप मात्र माळ्यावरच असूं द्यावा.