सुशोभीकरण पुरे, खेळायला जागा द्या

बागेत आता आणखी काही बसवू नका, अशी मागणी मुंबई-पुण्यात जोर धरू लागली आहे, आणि ती करणारी माणसं बागेच्या भल्याचंच बोलत असतात. त्यांनी पाहिलेलं खोटं नाही. बागेचं काम निघालं की आधी माती उकरली जाते, तिच्या जागी पेव्हर ब्लॉक येतात, झाडांच्या बुंध्याला सिमेंटचा कठडा आवळला जातो, मग कमान, कारंजं आणि रंगीत दिवे. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा, हे राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश काढून सांगावं लागलं. तेव्हा हा राग रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे बाग आहे तशी राहू द्या आणि खेळाच्या सोयींचं नाव काढू नका, हा मला अजिबात मान्य नाही. नासधूस केली सुशोभीकरणाने आणि भुर्दंड पडतो तो खेळणाऱ्यांना. ज्या कामांनी माती गिळली, त्यांतलं एकही खेळासाठी नव्हतं. लगोरीला पेव्हर ब्लॉक लागत नाहीत आणि खो-खोला कमान लागत नाही. उलट दोन्हींना लागते ती मातीच.

मुळात शहरातली जागा किती उरली आहे ते पाहा. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, तर केंद्राच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर अपेक्षित आहे. ही तफावत नवी जमीन मिळवून भरून निघेल, अशी आशा मुंबईकराला दाखवणंही चुकीचं ठरेल. आहे ती जागा जास्त माणसांच्या, जास्त वेळ कामी येईल अशी करणं, एवढंच हातात आहे. दुसरीकडे शरीरांची स्थिती काय आहे? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या घरात आहे. वाढत्या वयाच्या मुलांना रोज तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वन बीएचकेमध्ये तो तास काढायचा कुठे? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं एकाच नोंदीत आली आहेत. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला देण्यात आला, तेव्हा ते वाटप बेकायदा ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कायम केला. रुग्णालयासारख्या गरजेच्या गोष्टीपुढेही न्यायालयाने मोकळी जागा वाचवली, ती माणसांनी तिथे मोकळा श्वास घ्यावा आणि मुलांनी खेळावं म्हणून. तेव्हा बाग म्हणजे फक्त हिरवळ, हा युक्तिवाद कायद्यालाही धरून नाही.

आता सोयी वाढवायच्या म्हणजे नेमकं काय करायचं, हा खरा प्रश्न. आजवर त्याचं उत्तर खरेदीच्या यादीने दिलं. ओपन जिमची सहा-आठ यंत्रं एका रांगेत ठोकायची, प्लास्टिकची घसरगुंडी आणायची, खाली रबराच्या लाद्या टाकायच्या. ती यंत्रं जवळून पाहावीत. हवेत चालायच्या यंत्राचं बेअरिंग गेलेलं असतं, त्यामुळे एक पाय पुढे जातो आणि दुसरा अडकतो. बसून ओढायच्या यंत्रावर डोक्यावर सावली नसल्याने उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर हात ठेववत नाही. झोपाळ्याखालची रबराची लादी कोपऱ्यातून उचकटलेली असते आणि पावसाळ्यात तिच्याखाली पाणी साचतं. याउलट दोन झाडांमध्ये रोवलेला साधा आडवा बार वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याच्यावर दहा वर्षांचं पोर लोंबकळतं तसाच साठीचा माणूसही खांदे मोकळे करून घेतो. ॲम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हान आयक या वास्तुरचनाकाराने १९४७ पासून पुढच्या तीन दशकांत सातशेच्या वर क्रीडांगणं घडवली. वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायला ठोकळे, एवढंच बहुतेक ठिकाणी होतं. काय खेळायचं ते मुलांनी ठरवायचं. वाळूबद्दल आक्षेप येतोच: मांजरं घाण करतात, वाळू खाली बसते. बरोबर आहे. ती खाली बसू नये म्हणून नियमाने उकरावी लागते. चार फुटांवरून पडणाऱ्या मुलासाठी वाळूचा थर किमान नऊ इंच असावा, असं अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मार्गदर्शिका सांगते. म्हणजे फावडं घेतलेला माणूस हवा. माळ्याची एक जागा भरणं हीसुद्धा बागेची सुधारणाच आहे, आणि ती सगळ्यांत आधी व्हायला हवी.

ज्येष्ठांचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण बाग त्यांचीही आहे. मुलांचा गोंगाट होतो, चेंडू लागतो, पडलो तर खुबा मोडेल, ही भीती खरी आहे. पण त्यावर ‘चेंडू खेळण्यास मनाई’ आणि ‘बारा वर्षांवरील मुलांनी खेळणी वापरू नयेत’ या पाट्या लावणं हा उपाय नव्हे. तेरा वर्षांच्या मुलाने मग जायचं कुठे? उपाय आखणीत आहे. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं, म्हणजे जेमतेम सव्वाचार गुंठे. मोहल्ल्याच्या सरावाला त्याहून लहान आखलं तरी चालतं. पाळ्या लावून संध्याकाळभरात तिथे पन्नास मुलं घाम गाळतील. एवढी जागा अनेक उद्यानांत रेलिंग घातलेल्या, बंद पडलेल्या कारंज्याने आणि भोवतीच्या फरशीने अडवलेली असते. तेवढी मोकळी करा, मधे झुडपांची दाट रांग लावा, चालायची वाट दुसऱ्या अंगाने न्या. चेंडूही लागणार नाही आणि आजोबांच्या फेऱ्याही चुकणार नाहीत.

मुली आणि अपंग यांच्याबद्दल तर कोणी आक्षेपसुद्धा घेत नाही, कारण ते बागेत दिसतच नाहीत. व्हिएन्नात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या पाहणीत आढळलं की वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली उद्यानांत येणं झपाट्याने कमी होतं, मुलांचं तसं होत नाही. मोठं मैदान मुलगे व्यापतात आणि मुली माघार घेतात. १९९९ मध्ये तिथल्या मार्गारेटन भागातली दोन उद्यानं बदलली गेली. पायवाटा वाढवल्या, मोठी जागा लहान भागांत विभागली, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा दिली. मुली परत आल्या. आपल्याकडे याच्याही आधीची पायरी बाकी आहे: स्वच्छ, पाणी असलेलं, उघडं स्वच्छतागृह आणि वाटेवर पुरेसा उजेड. या दोन गोष्टी नसतील तर मुलींच्या आया त्यांना सातनंतर बागेत राहू देणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. अपंगांचं अडतं ते फाटकापाशीच. दुचाकी आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून बसवलेल्या फिरत्या फाटकातून चाकाची खुर्ची जात नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. क्रीडासुविधांची रचना त्यांना सामावून घेईल अशी करण्याची जबाबदारी तो सरकारवर टाकतो. बाजूला एक रुंद दार आणि त्यावर लक्ष ठेवणारा रखवालदार, एवढ्याने त्याची सुरुवात होते.

राहिला पैशाचा मुद्दा. आधी रस्ते आणि पाणी, मग खेळ, असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं की बागांवर पैसा खर्च होतोच आहे, फक्त तो उभारणीवर होतो आणि देखभालीला उरत नाही. ओढाताण संपवायची म्हणून जागा खासगी संस्थांना सांभाळायला द्यायचा मार्ग मुंबईने चोखाळून पाहिला. २०१६ मध्ये ते धोरण मंजूर होताच इतका विरोध झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. एकदा फाटकाची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली की सभासदत्व आणि शुल्क यायला वेळ लागत नाही, हा लोकांचा अनुभव होता. त्यापेक्षा पाच वर्षांच्या देखभालीचा करार असल्याशिवाय एकही खेळणं विकत घेऊ नये, आणि नादुरुस्त वस्तू किती दिवसांत दुरुस्त होईल ते तिच्यावरच लिहावं. पुण्यातल्या अनेक बागा भर दुपारी कुलूपबंद असतात. सुट्टीच्या दिवसांत झाडाखालची सावली तेव्हाच हवी असते, आणि ती खुली करायला दोन रखवालदारांच्या पगाराहून जास्त खर्च नाही. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. यंदाच्या अर्जात बाकडी आणि कमान यांऐवजी माळी, दुपारची वेळ, स्वच्छतागृह, उजेड आणि आखलेलं मातीचं मैदान, ही कामं याच क्रमाने लिहावीत, आणि ती कुठल्या बागेत हवीत हे नावासकट लिहावं.