बिअरची यादी लांब, पण एक रकाना रिकामा

सांडोर हा वसई पश्चिमेचा भाग. जुन्या वाड्या, विहिरी, केळीच्या बागा आणि त्यांच्या आजूबाजूला उभ्या राहिलेल्या इमारती, असे तिथले आजचे रूप आहे. अशा वस्तीतला बार ही केवळ दारू पिण्याची जागा नसते. विरार लोकलची गर्दी सोसून परतलेला माणूस तिथे तासभर टेकतो, मित्र भेटतात, क्रिकेट आणि राजकारणाचा निकाल लागतो. त्यामुळे आपल्या बारबद्दल गिऱ्हाइकांची मतेही ठाम असतात. बिअर किती थंड मिळते, किती प्रकारची मिळते, चखणा ताजा असतो का, वेटर उठण्याची घाई करतो का, बिल परवडते का, या सगळ्यांवर ती तयार असतात. त्यातही बिअरची यादी लांब असेल तर बारचा भाव वधारतो. 'तिकडे दोनच प्रकार, इथे वीस' हे मोठे प्रशस्तिपत्रक समजले जाते.

ही मते खोटी नसतात. चव, सोबत, सेवा आणि किंमत यांबाबत रोजच्या गिऱ्हाइकाइतका जाणकार दुसरा कोण? पण मतांच्या या तक्त्यात एक रकाना जवळजवळ नेहमीच रिकामा राहतो. बाटलीतून पोटात नेमके किती अल्कोहोल गेले, याचा तो रकाना.

तो भरायला साधा गुणाकार पुरतो. बाटलीतील मिलिलिटर गुणिले अल्कोहोलचा टक्का, आणि त्याला ०.७९ ने गुणायचे, कारण एक मिलिलिटर अल्कोहोलचे वजन साधारण ०.७९ ग्रॅम भरते. भारतातील नियमांप्रमाणे पाच टक्क्यांपर्यंतची बिअर 'माइल्ड' आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंतची 'स्ट्राँग'. ६५० मिलिलिटरच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल असते. तीच बाटली आठ टक्क्यांची असेल तर ४१ ग्रॅम. आता तुलना व्हिस्कीशी. ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली म्हणजे दोन मोठे पेग. दोन बाटल्या म्हणजे चार. चार मोठे पेग घेणाऱ्याला त्याचे मित्रही 'जरा जास्त होतेय' असे सुनावतात. दोन बाटल्या बिअर पिणारा मात्र 'हलकेच' घेणारा ठरतो.

या गैरसमजाला कायद्याचाही हातभार आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५. बिअर सौम्य असते, या गृहीतकावर हा फरक उभा आहे. पाच टक्क्यांच्या छोट्या बाटलीबाबत ते समजण्यासारखे आहे. पण देशात खपणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचा आहे. एकवीस वर्षांच्या मुलाला व्हिस्कीचा एक पेग नाकारायचा आणि दोन पेगांइतके अल्कोहोल एका बाटलीतून द्यायचे, याला शरीरशास्त्राचा कोणताही आधार नाही. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. त्याला फक्त ग्रॅम कळतात.

लांब यादीचेही एक शास्त्र आहे. एकच पदार्थ खात राहिले की त्याची गोडी कमी होत जाते, पण चव बदलली की भूक पुन्हा चाळवते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविच समोर ठेवली, तेव्हा लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. लग्नाच्या पंगतीत चार मिठाया असल्या की काय होते, हे सांगायला प्रयोगाचीही गरज नाही. हा प्रयोग खाण्यावरचा होता, बिअरवर तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण 'ही संपली, आता ती गव्हाची घेऊन पाहू' या वाक्यामागे तोच स्वभाव दिसतो. शिवाय यादीतील वीस प्रकारांत चार टक्केवाली आणि आठ टक्केवाली शेजारी शेजारी बसलेली असते. चव बदलते तसा डोसही बदलतो, हे पिणाऱ्याच्या लक्षात येतेच असे नाही.

गिऱ्हाइकांच्या मतांची आणखी एक मर्यादा आहे. अल्कोहोलचा परिणाम चालीवर दिसण्याआधी विवेकावर होतो. आपण किती प्यालो आणि आपण किती शुद्धीत आहोत, या दोन्हींचा अंदाज घेणारा मेंदूच आधी सैल पडतो. त्यामुळे 'मला काही झालेले नाही' हे मत ज्या यंत्राने दिले, तेच यंत्र त्या वेळी बिघडलेले असते. दुसरे म्हणजे, मत देतो तो बारमध्ये अजून येणारा माणूस. ज्याला डॉक्टरांनी बंद करायला सांगितले, ज्याचा रात्री घरी जाताना अपघात झाला, तो मत द्यायला टेबलावर नसतो. त्याची वाट पाहत जागी राहिलेली बायको आणि बापाच्या पावलांचा आवाज ओळखायला शिकलेली मुले तर कधीच नसतात. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढताना किती सावध राहावे, याचे गणित योगायोगाने एका बिअर कारखान्यातच जन्मले. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने ते प्रसिद्ध केले. वैद्यकीय संशोधनात ते आजही रोज वापरले जाते. बिअर बनवणारे इतके काटेकोर, तर पिणाऱ्यांनी निदान ग्रॅम मोजायला हरकत नसावी.

सरकारी रुग्णालयात केस पेपर भरताना 'दारू घेता का?' असे विचारले की एक उत्तर हमखास येते: 'नाही, फक्त बिअर.' हे उत्तर खोटेपणाचे नसते. बिअर म्हणजे जवाचे पाणी, ही समजूत घराघरात मुरलेली आहे. पण पोटात पाणी होणे, कावीळ, रक्ताच्या उलट्या ही यकृत सुकल्याची लक्षणे बिअर पिणाऱ्यांतही दिसतात. रोज, वर्षानुवर्षे पोटात जाणारे अल्कोहोल व्हिस्कीतून आले की बिअरमधून, याने यकृताच्या सूजेत फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्य हे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या सात ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. २०१९ मध्ये जगभरात मद्यामुळे सुमारे २६ लाख मृत्यू झाले, असा संघटनेचा अंदाज आहे.

एका बाबतीत तर बिअर व्हिस्कीपेक्षाही वाईट ठरते, ती म्हणजे गाउट. पायाचा अंगठा रात्रीतून सुजतो आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, तो आजार. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ हजारांवर पुरुषांची बारा वर्षे पाहणी झाली. रोज दोन किंवा अधिक बिअर पिणाऱ्यांत गाउटचा धोका जवळजवळ न पिणाऱ्यांच्या अडीच पट आढळला. बिअरमधील प्युरीन हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

मुतखड्यावर बिअर, हा घरोघरीचा सल्लाही तपासून घ्यावा. बिअरने लघवी जास्त होते, हे खरे. पाणी धरून ठेवणारे संप्रेरक अल्कोहोलमुळे दबते. बिअर पिणाऱ्यांत नवे खडे कमी होतात, असे काही पाहण्यांत दिसलेही आहे. पण अडकलेला खडा बिअरने ढकलला जात नाही. उलट लघवीवाटे पाणी निघून शरीर कोरडे पडते. खडा होऊ नये म्हणून लघवी वाढवण्याचे काम साधे पाणी करते, तेही फुकट आणि यकृताला धक्का न लावता.

सर्वांत दुर्लक्षित हिशेब सकाळचा असतो. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. काळी कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री नऊला बसून स्ट्राँगच्या दोन बाटल्या घेतल्या, तर ८२ ग्रॅम संपायला पहाटे पाच ते सकाळी नऊ यांपैकी कोणतीही वेळ लागू शकते. त्याच सकाळी सातला दुचाकी काढून वसई रोड स्टेशन गाठायचे असते. गाडी चालवताना रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. सत्तर किलोच्या पुरुषात स्ट्राँगची एकच बाटली तासाभराने याच्या दुपटीवर नेऊ शकते. स्त्रियांमध्ये, शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी असल्याने, आकडा आणखी वर जातो.

म्हणून बार बंद करा, असे म्हणणे सोपे आहे, शहाणपणाचे नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळला घरगुती वाईन असते, पालघर-डहाणूकडे ताडी असते. मद्य इथल्या जगण्यात जुने आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये आलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवावी लागली. आणि २०१५ च्याच जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. परवान्याच्या बारमधली सीलबंद बिअर त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण 'विषारी नाही' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे.

मागणी साधी आहे. बारच्या मेनूकार्डावर किमतीशेजारी प्रत्येक बिअरमधील अल्कोहोलचे ग्रॅम छापावेत, किंवा 'इतके पेग' असे सरळ लिहावे. पेगची भाषा सर्वांना कळते. स्ट्राँग बिअरसाठीही वयाची अट २५ करावी. डॉक्टरांनी 'दारू घेता का' यावर न थांबता कोणती बाटली, किती आणि आठवड्यातून किती वेळा, हे विचारावे.

आणि पिणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. कमी करायला हवे असे कधी वाटले का? कोणी टोकले तर राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्यावर आधी घोट लागतो का? दोन उत्तरे 'हो' असतील तर मदत घ्यावी. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणे धोक्याचे असते. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. जवळचे सरकारी रुग्णालय, पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र किंवा १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक, यांपैकी कुठूनही सुरुवात करता येते.

लांब यादीचा बार चांगला की नाही, हे गिऱ्हाइकांनीच ठरवावे. पण उठताना बिलाबरोबर ग्रॅमचीही बेरीज केली, तर ते मत पूर्ण होईल.