गाव कुठलं?

ब्रिटनमधल्या मुसलमानांचा विषय निघाला की आपल्या इथल्या मराठी मंडळात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्यांची एकी बघा, नाहीतर आपण!" कौतुकाने म्हणा की धास्तीने, मला ते पटत नाही.

२०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ३९ लाख लोकांनी आपला धर्म इस्लाम लिहिला. म्हणजे लोकसंख्येच्या साडेसहा टक्के. पण नवी ओळख झाली की आपण आधी विचारतो, "गाव कुठलं?" तेच इथे विचारून बघा. ब्रॅडफर्डचे पाकिस्तानी मुख्यतः मीरपूरकडचे. १९६०च्या दशकात झेलमवर मंगला धरण झालं, लाखभर माणसं उठली आणि त्यांतल्या अनेकांनी यॉर्कशरच्या कापडगिरण्यांत रात्रपाळी धरली. कोयनेच्या धरणग्रस्तांची परवड ठाऊक असलेल्याला या स्थलांतरात धर्म शोधावा लागत नाही. पूर्व लंडनचे बांगलादेशी बहुतेक सिल्हेटचे. आधी बोटींवरचे खलाशी आले, मागोमाग गाव. आपण पाहुण्यांना ज्या 'इंडियन' हॉटेलात नेतो, त्याचा मालक बहुधा यांच्यातलाच! ब्लॅकबर्न-बोल्टनमध्ये भरूच-सुरतचे गुजराती. शिवाय सोमाली, येमेनी, सायप्रसचे तुर्की, इस्लाम स्वीकारलेले गोरे. देवबंदींची मशीद वेगळी, बरेलवींची वेगळी. शिया निराळे, त्यांत बोहरी-खोजे आणखी निराळे. चंद्र कुठला ग्राह्य धरायचा यावरून एकाच शहरात दोन दिवशी ईद होते. एकी म्हणतात ती हीच का?

पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनच्या मशिदीच्या भिंतीवर वर एक सूर्यघड्याळ आहे, त्यावर १७४३ साल. फ्रान्समधून पळून आलेल्या प्रॉटेस्टंटांनी ती वास्तू बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८मध्ये सिनेगॉग झाली आणि १९७६मध्ये मशीद. प्रत्येक वेळी शेजाऱ्यांना नवे लोक एकगठ्ठाच दिसले असणार.

"पुढच्या पिढीत गाव उरतं कुठे, धर्मच उरतो," असं कोणी म्हणेल. हरकत रास्त आहे. इथल्या मुसलमानांपैकी सुमारे निम्मे आता इथेच जन्मलेले आहेत आणि त्यांना मीरपूर आजोबांच्या तोंडूनच माहीत. पण आपल्याकडे तरी वेगळं काय? मुलांकडे गणपती राहतो, मराठी जाते.

आता आपल्या दाराशी येऊ. या ३९ लाखांत रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमानही आहेत. परकार, मुकादम, दळवी अशी आडनावं. पंथ शाफई, म्हणजे भारतातल्या बहुसंख्य मुसलमानांहून वेगळा. कित्येकांचे आजे-पणजे पी अँड ओच्या बोटींवर खलाशी नाहीतर सारंग होते. त्यांच्या घरातली बोली आपल्याला दुभाष्याशिवाय कळते. आपल्या मंडळाच्या घटनेत सभासदत्वाची अट मराठी भाषेची आहे, धर्माची नाही; तरी सभासदांच्या यादीत यांतलं एकही घर नाही. त्यांनी यावं असं आपण कधी म्हटलंच नाही.

कार्यकारिणीला विनंती आहे: येत्या महाराष्ट्र दिनाचं आमंत्रण या कुटुंबांनाही पाठवा. पत्ते मिळवायचं काम माझ्याकडे द्या.