वृत्तविश्लेषण : बर्फावरचे अंदाज आणि बर्फावरचे वास्तव

नवी दिल्ली, 26 जून : उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचा (एनएचएल) 2024-25 चा हंगाम 17 जून रोजी संपला. फ्लोरिडा पँथर्सने एडमंटन ऑयलर्सचा सहा सामन्यांत पराभव करून सलग दुसऱ्यांदा स्टॅनले चषक उंचावला. अंतिम फेरीत आधीच्या वर्षीचेच दोन संघ समोरासमोर आले आणि विजेताही तोच राहिला. त्यामुळे फारसे काही बदलले नाही, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. मात्र अंतिम फेरीआधीच्या 82 सामन्यांच्या साखळी फेरीकडे पाहिले, तर गेल्या काही वर्षांत क्वचितच कोणत्या हंगामाने जाणकारांचे इतके अंदाज खोटे ठरवले असतील. ज्यांनी पैसा ओतला ते बुडाले, ज्यांना कोणी मोजत नव्हते ते अग्रस्थानी पोहोचले आणि शोकात बुडालेला एक संघ बाद फेरीच्या उंबरठ्यापर्यंत गेला.

लीगमध्ये 32 संघ आहेत. विजयास दोन गुण मिळतात. निर्धारित साठ मिनिटांत बरोबरी होऊन नंतर पराभव झाला तरी एक गुण पदरात पडतो. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा असून या हंगामात ती 8 कोटी 80 लाख डॉलर होती. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते, त्याच धर्तीची ही व्यवस्था आहे. श्रीमंत मालकाने सर्वच नामवंतांना विकत घेऊ नये, हा तिचा हेतू. अनपेक्षित निकालांची पहिली बीजे या व्यवस्थेतच आहेत. परंतु मर्यादा सर्वांना सारखीच असल्याने केवळ तिच्यामुळे कोणी वर जात नाही वा खाली येत नाही. फरक पडतो तो मर्यादेतील पैसा कोणावर, केव्हा आणि किती काळासाठी लावला यामुळे. या हंगामाची कहाणी मुख्यतः त्या निर्णयांची आहे.

विनिपेगचा एक खांब

कॅनडातील विनिपेग हे लीगमधील सर्वांत लहान बाजारपेठांपैकी एक. तेथील मूळ जेट्स संघ 1996 मध्ये अमेरिकेतील फीनिक्सला नेण्यात आला. आजचा संघ 2011 मध्ये अटलांटाहून आला. अलीकडे हंगामी तिकीटधारकांची संख्या घटल्यामुळे संघ पुन्हा शहर सोडणार की काय, अशी धास्ती तेथील चाहत्यांना वाटू लागली होती. अशा संघाने पहिल्या 16 पैकी 15 सामने जिंकले. लीगच्या इतिहासात अशी सुरुवात त्याआधी कोणीही केली नव्हती. 56 विजय आणि 116 गुणांसह जेट्सने साखळी फेरीतील सर्वोत्तम संघास मिळणारा प्रेसिडेंट्स करंडक प्रथमच पटकावला.

या यशाचा मुख्य आधार होता गोलरक्षक कॉनर हेलेबक. त्याने 47 विजय नोंदवले, प्रत्येक सामन्यात सरासरी केवळ दोन गोल स्वीकारले आणि आठ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यास एकही गोल करू दिला नाही. सर्वोत्तम गोलरक्षकाच्या व्हेझिना पुरस्काराबरोबरच सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडकही त्याला मिळाला. एखाद्या गोलरक्षकास हार्ट मिळण्याची ही 2015 मधील कॅरी प्राइसनंतरची पहिलीच वेळ. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हेलेबक आणि आघाडीपटू मार्क शायफली संघ सोडतील अशी चर्चा असताना व्यवस्थापनाने दोघांशीही सात वर्षांचे करार केले होते. बाहेरून मोठी नावे आणण्यापेक्षा घरचे खांब टिकवण्याचा तो निर्णय या हंगामात फळास आला.

मात्र एकाच खांबावर उभ्या असलेल्या इमारतीचा धोकाही याच हंगामात दिसला. बाद फेरीच्या पहिल्या मालिकेत सेंट लुईस ब्लूजविरुद्धच्या परक्या मैदानावरील तिन्ही सामन्यांत हेलेबकला अर्ध्यावर बाहेर बोलवावे लागले. सातव्या सामन्यात दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ उरला असताना कोल पर्फेटीने बरोबरी साधली आणि दुसऱ्या जादा वेळेत कर्णधार अ‍ॅडम लॉरीने विजयी गोल केला, म्हणून विनिपेगची लाज राखली गेली. पुढच्या फेरीत डॅलसने त्यांना सहा सामन्यांत घरी पाठवले.

वॉशिंग्टनचे पुनरुज्जीवन

वॉशिंग्टन कॅपिटल्सने 2024 मध्ये बाद फेरी गाठली होती खरी, परंतु त्या साखळी फेरीत त्यांनी केलेल्या गोलांपेक्षा स्वीकारलेले गोल 37 ने अधिक होते. म्हातारा होत चाललेला, दिग्गज कर्णधाराच्या वैयक्तिक विक्रमासाठी कसाबसा चालवला जाणारा संघ, अशी त्यांची प्रतिमा झाली होती. त्याच संघाने यंदा 91 वरून 111 गुणांपर्यंत झेप घेतली. प्रशिक्षक स्पेन्सर कारबेरी यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला.

यामागे योग्य जागी केलेली निवड होती. लॉस एंजेलिसमध्ये 40 गुणांवर अडकलेल्या पिएर-लुक दुब्वाला वॉशिंग्टनने घेतले. त्याने 66 गुण मिळवले. (खेळाडूच्या खात्यावर स्वतःच्या गोलासाठी आणि सहकाऱ्याच्या गोलास केलेल्या साहाय्यासाठी प्रत्येकी एक गुण जमा होतो.) आधीच्या हंगामात अवघे सहा गोल करणाऱ्या बेलारूसच्या अलियाक्सेइ प्रोटासने 30 गोल केले. कोणत्याही संघाने ज्याची मूळ निवड प्रक्रियेत निवडच केली नव्हती, तो गोलरक्षक लोगन थॉम्पसन 31 सामने जिंकून गेला.

आणि अर्थातच अलेक्झांडर ओव्हेच्किन. हंगामाच्या प्रारंभी त्याच्या नावावर 853 गोल होते. वेन ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडण्यास आणखी 42 हवे होते. आधीच्या हंगामात 31 गोलांवर थांबलेला 39 वर्षांचा खेळाडू एका वर्षात हे करील, असे मानणारे थोडेच होते. नोव्हेंबरमध्ये त्याच्या पायाचे हाड मोडले आणि तो 16 सामन्यांना मुकला, तेव्हा ती आशाही मावळली. तरीही 6 एप्रिल रोजी न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध त्याने 895 वा गोल केला. योगायोग असा की ग्रेट्झ्कीची संपूर्ण कारकीर्द 1,487 सामन्यांची होती आणि ओव्हेच्किनचाही तो 1,487 वा सामना होता. 65 सामन्यांत 44 गोल करून त्याने हंगाम संपवला. तो दिवस ऐतिहासिक ठरला. सामना मात्र वॉशिंग्टनने गमावला, हेही नोंदवले पाहिजे.

कोलंबसचे तेरा सेकंद

29 ऑगस्ट 2024 च्या रात्री न्यूजर्सीत सायकलवरून जाणारे कोलंबस ब्लू जॅकेट्सचे आघाडीपटू जॉनी गॉड्रो आणि त्यांचे बंधू मॅथ्यू मोटारीच्या धडकेत मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीचा विवाह होता. गॉड्रोचा जुना सहकारी शॉन मोनाहन त्याच्यासोबत पुन्हा खेळता यावे म्हणूनच जुलैमध्ये कोलंबसला आला होता. आधीच्या हंगामात 66 गुणांसह आपल्या विभागात तळाशी राहिलेल्या या संघाकडून यंदा कोणीही कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती.

15 ऑक्टोबर रोजी घरच्या पहिल्या सामन्यात संघाने गॉड्रोची डाव्या बगलेची जागा रिकामी ठेवून खेळास प्रारंभ केला आणि त्याच्या 13 क्रमांकाच्या स्मरणार्थ घड्याळातील 13 सेकंद तसेच जाऊ दिले. त्यानंतर हा संघ 89 गुणांपर्यंत पोहोचला. बचावपटू झॅक वेरेन्स्कीने 82 गुण मिळवून सर्वोत्तम बचावपटूच्या पुरस्कारासाठी अंतिम तिघांत स्थान मिळवले.

दुःखाने संघ एकवटला, असे सोपे स्पष्टीकरण येथे देण्याचा मोह होतो; तो टाळायला हवा. दुःखाने कोणी गोल करायला शिकत नाही. नवे प्रशिक्षक डीन इव्हॅसन यांची शिस्त, वेरेन्स्कीचा बहर आणि तरुण खेळाडूंची वाढ ही कारणे मोजता येतात. मात्र ज्या परिस्थितीत संपूर्ण हंगाम वाया गेला असता तरी कोणी दोष दिला नसता, त्या परिस्थितीत हे घडले, हे त्याचे मोल आहे.

कोलंबस बाद फेरीस मुकला तो मॉन्ट्रियलपेक्षा दोन गुण कमी पडल्याने. दोन्ही संघांनी प्रत्येकी 40 सामने जिंकले होते. मॉन्ट्रियलचे 11 पराभव साठ मिनिटांनंतरचे होते, तर कोलंबसचे नऊ. म्हणजे अंतिम फरक पडला तो जिंकलेल्या सामन्यांचा नव्हे, तर उशिरा हरलेल्या सामन्यांचा. ही गुणपद्धती स्पर्धा अखेरपर्यंत चुरशीची ठेवते, पण तिचा हिशेब नेहमीच न्याय्य वाटेल असे नाही.

मॉन्ट्रियलचे यशही कमी अनपेक्षित नव्हते. 2022 मध्ये तळाशी गेलेला हा संघ संयमाने नव्याने बांधला जात होता. त्याचा पाच फूट नऊ इंच उंचीचा बचावपटू लेन हटसन 2022 च्या निवड प्रक्रियेत 62 व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला होता. यंदा त्याने 60 गोलांना साहाय्य करून नवोदित बचावपटूंच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक जिंकला.

नावांची किंमत

दुसरे टोक नॅशव्हिलचे. 1 जुलै 2024 या एकाच दिवशी त्यांनी स्टीव्हन स्टॅमकोस, जोनाथन मार्शेसो आणि ब्रेडी शे यांच्याशी एकूण सुमारे 10 कोटी 80 लाख डॉलरचे करार केले. चषकाचा दावेदार म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात पहिले पाचही सामने त्यांनी गमावले आणि 99 गुणांचा संघ 68 वर आला. स्टॅमकोसचे गोल 40 वरून 27 वर, तर मार्शेसोचे 42 वरून थेट 21 वर घसरले. करार झाले तेव्हा हे दोघे अनुक्रमे 34 आणि 33 वर्षांचे होते. त्यांना मिळालेला मोबदला गतकामगिरीचा होता. संघाला हवी होती ती भविष्यातील कामगिरी. आयपीएलमध्ये यंदा 27 कोटींचा विक्रमी बोलीचा खेळाडू घेऊनही लखनऊ बाद फेरीत पोहोचू शकले नाही, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

न्यूयॉर्क रेंजर्स आदल्या वर्षी 114 गुणांसह अव्वल होते. यंदा ते 85 गुणांवर राहून बाद फेरीबाहेर गेले. बोस्टनने तर हंगाम हातचा जाताच कर्णधार ब्रॅड मार्शंडला मार्चमध्ये फ्लोरिडास देऊन टाकले. त्याच 37 वर्षीय मार्शंडने अंतिम फेरीत सहा गोल केले. नॅशव्हिलच्या उदाहरणावरून वय झालेला खेळाडू म्हणजे तोट्याचा सौदा, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना हे उत्तर होते. तयार संघात थोड्या काळासाठी आलेला अनुभवी खेळाडू आणि ज्याच्या खांद्यावर संघ उभा करायचा असा अनुभवी खेळाडू, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतीय धागा

भारतीय वाचकांच्या दृष्टीने एक निकाल विशेष उल्लेखनीय आहे. एनएचएलखालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये अ‍ॅबट्सफर्ड कॅनक्सने याच आठवड्यात प्रथमच काल्डर चषक जिंकला. संघाचे प्रशिक्षक मॅनी मल्होत्रा हे पंजाबी वडिलांचे पुत्र असून, मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा हा पहिलाच हंगाम होता. 2011 मध्ये चकती लागून त्यांच्या डोळ्यास गंभीर इजा झाली होती. पंजाबी वंशाचा अर्शदीप बैंसही याच विजेत्या संघात होता. लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर सराव करणाऱ्या मुलामुलींसाठी ही नावे परकी नाहीत.

पुढील हंगामात वेतनमर्यादा 9 कोटी 55 लाख डॉलरवर जाणार आहे. 1 जुलैपासून खुल्या करारांचा बाजार उघडेल आणि हाती आलेल्या वाढीव पैशांत पुन्हा नामवंतांची खरेदी होईल. विनिपेग, वॉशिंग्टन आणि मॉन्ट्रियल यांनी दाखवलेला मार्ग संथ आणि कंटाळवाणा आहे : आपले खेळाडू ओळखा, त्यांना टिकवा, इतरांनी नाकारलेल्यांना योग्य जागा द्या. हा मार्ग चषकापर्यंत नेईलच याची हमी या हंगामानेही दिलेली नाही. परंतु नॅशव्हिलचा मार्ग कोठे नेतो, हे आता सर्वांसमोर आहे. येत्या मंगळवारी बाजार उघडल्यावर हा धडा किती व्यवस्थापकांच्या लक्षात राहतो, ते दिसेलच.