फोल्डर सगळ्यांचं, जागा कुणाची?

फायनल इयरला ग्रुपचं शेअर्ड फोल्डर असतंच. पण त्याची जागा कुणाच्या खात्यातून जाते? ड्रॉपबॉक्सचा हिशोब म्हणजे एक मिसळ चौघांत खाल्ली तरी प्रत्येकाकडून पूर्ण बिल! दीड जीबीचं फोल्डर प्रत्येकाच्या फुकटच्या २ जीबीतून दीड जीबी खातं. गूगल ड्राइव्हवर मात्र फोल्डर कुणाचंही असो, फाइल ज्याने टाकली त्याच्याच १५ जीबीत मोजली जाते. मला हाच नियम पटतो. फक्त यात ग्रुपमध्ये जो राबतो तोच भरडला जातो, राव! कारण त्याच १५ जीबीत जीमेलही येतं. कोटा संपला की मेल येणं बंद, तेही ऐन प्लेसमेंटच्या दिवसांत. म्हणून माझं म्हणणं, डेमोचे व्हिडिओ आणि डेटासेट चौघांनी वाटून घेऊन आपापल्या खात्यातून टाकावेत.