हाताला वाचतां येणारीं नांवें

एका वाचक भगिनीनें आम्हांस असें विचारलें आहे कीं, काचबिंदूनें दृष्टि गेलेल्या सासूबाईंना स्वयंपाकघरांत वावरूं द्यावें कीं न द्यावें, आणि त्यांच्या औषधांचा डबा त्यांच्याच हातीं ठेवावा कीं सुनांपैकीं कोणी सांभाळावा. घर मोठें आहे, माणसें प्रेमळ आहेत, आणि "तुम्ही नुसतें सांगा, आम्ही देतों" असें सासूबाईंना दिवसांतून दहा वेळां म्हटलें जातें. पत्राच्या शेवटीं मात्र एक ओळ आहे, ती आमच्या मतें सर्व पत्राचें सार आहे. सासूबाई दुपारची गोळी कित्येकदां घेतच नाहींत. कारण त्या वेळीं घरांत सगळीं लवंडलेलीं असतात, आणि कोणास उठवावें हें त्यांच्या जिवावर येतें.

तेव्हां हा प्रश्न स्वयंपाकघराचा किंवा औषधाचा नाहीं, मागण्याचा आहे. ज्या बाईनें चाळीस वर्षें घराची चूल सांभाळली, जिनें न मोजतां पन्नास पानांचा अंदाज बांधला, तिला चिमूटभर जिऱ्यासाठीं नातसुनेला हांक मारावी लागते. देणारी कितीहि हंसतमुखानें देवो, मागणारीला तें मागणें वाटतेंच. आपल्या भाषेंत अंधास प्रज्ञाचक्षु म्हणण्याचा मोठा सुंदर प्रघात आहे. महाभारतांतील धृतराष्ट्रापासून विदर्भांतील गुलाबराव महाराजांपर्यंत (१८८१–१९१५) ही पदवी आपण आदरानें योजीत आलों. परंतु पदवी द्यावयाची, आणि मिठाची बरणी मात्र आपल्या सोयीनें रोज नव्या फळीवर ठेवावयाची, ही कसली रीत?

आमचें उत्तर असें: स्वयंपाकघरहि द्यावें आणि औषधहि, मात्र त्याआधीं घरांतील वस्तूंना अशीं नांवें द्यावींत कीं तीं हाताला वाचतां येतील. संस्कृतांत ओळख पटविणाऱ्या खुणेस अभिज्ञान म्हणतात. शकुंतलेची अंगठी हें तसें अभिज्ञान होतें. ती बोटांतून निसटली आणि सर्वच ओळख बुडाली. खूण जितकी महत्त्वाची, तितकेंच ती निसटणार नाहीं अशी बांधणें महत्त्वाचें, एवढा बोध प्रस्तुत विषयापुरता त्या नाटकांतून घेण्यास कालिदास हरकत घेणार नाहीं.

कोणी म्हणेल, अंधांसाठीं ब्रेल लिपि आहे, ती शिकवा म्हणजे झालें. ती लिपि रचणारा लुई ब्रेल हा १८०९ सालीं फ्रान्समध्यें जन्मला. लहानपणीं बापाच्या कारखान्यांत, जेथें घोड्यांचे खोगीर व साज शिवीत, तेथील एक अणकुचीदार हत्यार डोळ्यास लागून त्याची दृष्टि गेली. पुढें विद्यार्थिदशेंतच त्यानें सहा उठावदार ठिपक्यांची ही लिपि सिद्ध केली आणि १८२९ मध्यें ती प्रसिद्ध झाली. भारतीय भाषांसाठीं तिचें एकच रूप १९५१ मध्यें ठरलें. त्यामुळें मराठीहि तींत लिहितां वाचतां येते. अंध बालकास ही लिपि अवश्य यावी, तिच्यावांचून त्याचें शिक्षण अपुरें राहतें, असें आमचें शिक्षकी मत आहे. परंतु अडुसष्टाव्या वर्षीं दृष्टि गेलेल्या, त्यांतून मधुमेहानें बोटें बधिर झालेल्या गृहिणीकडून संपूर्ण लिपीची अपेक्षा करणें हें जुलमाचें आहे. मात्र ज्यांचीं बोटें शाबूत आहेत त्यांना मिठाचा 'म' आणि साखरेचा 'स' अशीं पांचसहा अक्षरें येण्यास अडचण पडूं नये. जाड कागदावर तीं उमटवून घेतलीं कीं डब्यांपुरतें काम भागतें.

दुसरें असें कीं, अंध म्हटलेल्या प्रत्येकास मिट्ट काळोखच असतो असें नाहीं. कोणास कडेचें दिसत नाहीं पण समोरचें थोडें दिसतें, कोणास उजेडांत ठळक रंग कळतात. अशांसाठीं पांढऱ्या कागदावर जाड काळ्या शाईनें काढलेलें बोटभर उंचीचें अक्षर पुष्कळ काम करतें. म्हणून आरंभीं त्या व्यक्तीलाच विचारावें, "आपल्याला किती दिसतें आणि काय कळतें?" हा साधा प्रश्न फार थोड्या घरांत विचारला जातो.

आतां खुणांकडे वळूं. पहिली खूण म्हणजे जागा. मिसळणाचा डबा घ्या. त्यांतील वाट्यांचा क्रम एकदां ठरला आणि कोठून मोजावयाचें हें कळण्यासाठीं डब्याच्या कांठावर एका ठिकाणीं दोरा बांधला, कीं सातहि वाट्या बोटांवर येतात. शिवाय कित्येक जिनसांना निसर्गानेंच नांव दिलेलें आहे. मोहरी गोल, जिरें लांबट, मेथी कोंचदार. हरभऱ्याची डाळ जाड व फुगीर, तुरीची तिच्याहून चपटी. तांदळाचें पीठ रवाळ, डाळीचें पीठ मऊ आणि वासावरून ओळखूं येणारें. हिंगाविषयीं तर बोलावयासच नको. घोटाळा होतो तो मुगाच्या आणि मसुरीच्या डाळींत, पिठीसाखर आणि खाण्याचा सोडा यांत, बारीक मीठ आणि बारीक साखरेंत, हळद आणि तिखटांत. तेव्हां सगळ्याच डब्यांना खुणा लावीत बसण्याचें कारण नाहीं. जेथें हात आणि नाक फसतात तेथेंच लावाव्या. खुणांची गर्दी झाली कीं खूणच हरवते.

आणि ही जागेची शिस्त सर्वांनीं पाळली पाहिजे. एकत्र कुटुंबांत तीन सुना, दोन लेकी, शाळेंतून भुकेली आलेली मुलें आणि कामाला येणाऱ्या बाई इतक्या जणांचे हात त्या फळीला लागतात. त्यांतील एकानें साखरेचा डबा दोन वीत सरकवला तरी पहाटे उठून चहा करणाऱ्या आजींना त्या दोन वितींचा शोध घ्यावा लागतो. कपाटाचें दार अर्धवट उघडें टाकणाऱ्यासहि आम्ही याच वर्गांत घालतों.

खूण डब्याच्या अंगावर असावी, झांकणावर असूं नये. आपल्याकडील पोलादी डबे एकाच मापाचे, आणि घांसतांना त्यांचीं झांकणें हटकून बदलतात. मग साखरेच्या डब्यावर मिठाचें झांकण बसतें आणि खूण असूनहि शिऱ्याची खारट लापशी होते. रबराचें कडें, सुतळीचा वेढा, गोंदानें चिकटवलेली गुंडी यांपैकीं कांहींहि चालतें. कित्येक घरीं मुली बरण्यांवर खड्याच्या टिकल्या लावतात. कल्पना गोड आहे, परंतु तेलकट हातापुढें टिकली टिकत नाहीं. याहून टिकाऊ उपाय आपल्या हाताशीं आहे. लग्नांत आलेल्या भांड्यांवर आपण नांव घालून घेतोंच. तसाच कारागिराकडून डब्याला आंतून हलका ठोका देऊन घेतला तर बाहेर उंचवटा उठतो. एका डब्याला एक, दुसऱ्याला दोन. आमच्या परिचयाच्या एका घरीं असें केलेलें आहे, आणि तेथील आजी त्या डब्यांना "एकठोक्या" आणि "दोनठोक्या" म्हणतात.

जी वस्तु बाटलींतून येते आणि बाटली संपतांच फेंकली जाते तिच्यासाठीं चिकटवलेली खूण वायां जाते. तेथें जाड पुठ्ठ्याची चकती दोऱ्यानें गळ्यांत अडकवावी आणि नव्या बाटलीच्या गळ्यांत तीच घालावी. बाटली संपली कीं चकती काढून एका टोपलींत टाकावी; बाजारांत जाणाऱ्यानें टोपली पाहिली कीं काय आणावयाचें तें कळतें. दुकानांतून येणाऱ्या बंद पुड्यांकडून मात्र कसलीहि आशा करूं नये. शाकाहाराची खूण म्हणून चौकोनांत जो हिरवा ठिपका असतो, ज्याकडे आपल्या घरांतून इतकें बारकाईनें पाहिलें जातें, तोहि सपाट छापलेला. बोटाला त्याचा पत्ता नाहीं.

खाण्याच्या जिनसांत चूक झाली तर पदार्थ बिघडतो. विषारी वस्तूंत चूक झाली तर माणूस जातो. सरबताच्या रिकाम्या बाटलींत फिनेल भरून ठेवण्याची संवय अत्यंत घातक आहे. ती डोळस घरांतहि नसावी, अंध माणसाच्या घरांत तर मुळींच खपवून घेऊं नये. कापूर आणि डांबरगोळ्या यांना एका खणांत ठेवूं नये. क्षणांत चिकटणाऱ्या डिंकाच्या लहान कुप्या डोळ्यांत घालावयाच्या औषधासारख्याच हाताला लागतात. त्या कुलपांत असाव्या. युरोपांत कित्येक घातक रसायनांच्या वेष्टणावर हाताला लागेल असा उठावाचा त्रिकोण ठेवणें बंधनकारक आहे. आपण घरच्या घरीं खरखरीत कागदाची पट्टी बाटलीभोंवतीं गुंडाळून तेंच काम साधूं शकतों. मात्र खरखरीत म्हणजे विष, हा अर्थ घरांत एकदां ठरला कीं ती पट्टी दुसऱ्या कशालाहि लावूं नये.

औषधांच्या बाबतींत युरोपीय संघानें २००४ मध्यें कायद्यांत दुरुस्ती करून औषधाचें नांव बाहेरच्या वेष्टणावर ब्रेलमध्यें देण्याचा दंडक घातला. आपल्या देशांत १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठराविक नांवांच्या औषधांवर यंत्रानें वाचावयाचा संकेत छापावा लागतो. त्यांत औषधाचें नांव आणि मुदत असते. तो मुख्यतः बनावट औषध ओळखण्यासाठीं आहे. ज्याला पाकीट दिसत नाहीं त्यानें पाकिटावरील तो चौकोन भ्रमणध्वनीसमोर कसा धरावा, याचा विचार तींत फारसा दिसत नाहीं. भ्रमणध्वनी आतां छापील अक्षरें मोठ्यानें वाचून दाखवितो हें खरें; 'बी माय आइज' नांवाच्या, २०१५ मध्यें सुरू झालेल्या योजनेंत तर दूरचा एखादा डोळस स्वयंसेवक यंत्रांतून पाहून बाटलीवरचें नांव सांगतो. दुपारीं घर निजलेलें असतां ही सोय उपयोगी आहे. परंतु चकचकीत, सुरकुतलेल्या पट्टीवरील बारीक अक्षरें यंत्रासहि नेहमीं लागत नाहींत. म्हणून घरच्या खुणेस पर्याय नाहीं.

गोळ्यांच्या पट्टीला रबराचीं कडीं घालावीं: सकाळचीस एक, दुपारचीस दोन, रात्रीचीस तीन. कड्यांची संख्या म्हणजे वेळ. तिचा अर्थ "किती गोळ्या" असा कधींहि होऊं देऊं नये. मुदत आणि तुकडीचा अंक बहुधा पट्टीच्या एका टोकाशीं छापलेला असतो, तेव्हां गोळी दुसऱ्या टोकाकडून फोडावी. आठवड्याच्या खणांची पेटी मिळते तीहि चांगली. मात्र ती एकानें भरावी आणि दुसऱ्यानें तपासावी. कांहीं गोळ्या वेष्टणाबाहेर दमट होऊन बिघडतात, त्या पेटींत घालण्यापूर्वीं औषधविक्रेत्यास विचारावें. त्यालाच आणखी एक सांगून ठेवावें. एकाच औषधाची दुसऱ्या कारखान्याची गोळी दिली तर तिचा आकार बदलतो. डोळस माणूस नांव वाचून निश्चिंत होतो, पण जी बाई "लांबट ती रक्तदाबाची" असें हातानें ओळखते तिचा सर्व आधार तेथें तुटतो. बदल झाला तर तिला तसें सांगून, नवी गोळी तिच्या हातावर ठेवून मगच ती घरांत वापरावी. वैद्यानें मात्रा बदलली कीं जुनी खूण त्याच दिवशीं काढावी.

या सर्व खुणा सासूबाईंनींच ठरवाव्या. सुनेनें स्वतःच्या बुद्धीनें डब्याला गुंडी चिकटवली आणि "ही बघा, साखर" असें सांगितलें, तर ती सुनेची भाषा झाली. ती दुसऱ्याला पाठ करावी लागते. कित्येकींना सुतळीपेक्षां हेअरपिनचा स्पर्श चटकन् कळतो, कोणाला एकावर एक दोन कडीं एकच वाटतात. एक दुपार त्यांच्याबरोबर बसून, त्यांच्याकडून चारदां ओळखवून घेऊन, मगच खूण कायम करावी.

काचबिंदूंत गेलेली दृष्टि परत येत नाहीं. जी उरली असेल ती थेंबांनीं राखावयाची असते. म्हणून डोळ्यांतील औषधाची हेळसांड सर्वांत वाईट. दोन निरनिराळीं औषधें असतील तर एकीच्या अंगाला दोरा गुंडाळावा, टोपणाला नव्हे, कारण टोपणें बदलतात. आणि एक घातल्यावर निदान पांच मिनिटें थांबून दुसरें घालावें. उघडलेली कुपी साधारणतः चार आठवड्यांनंतर टाकून द्यावयाची असते, पण तारीख लिहून ठेवली तर ती वाचणार कोण? त्यासाठीं कुपी रविवारीं उघडावी आणि तिच्याजवळच्या वाटींत चार मणी टाकावे. पुढच्या प्रत्येक रविवारीं एक मणी काढावयाचा. वाटी रिकामी लागली कीं नवी कुपी.